महिन्याचा शेवटचा आठवडा : लोड, चादरी आणि पन्नाशीनंतरचा योग

अबोली_पुणे (धागाकर्ती)

योगाच्या अय्यंगार पद्धतीच्या (लोड, पट्टे, खुर्च्या अशा साधनांच्या आधाराने आसनं शिकवणाऱ्या) बहुतेक वर्गांत महिन्याची एक ठरलेली घडी असते. आधी उभी आसनं, मग पुढे वाकायची, मग मागे वाकायची, आणि शेवटचा आठवडा विश्रांतीची आसनं नि प्राणायाम. या शेवटच्या आठवड्यात चाळिशीच्या आतली हजेरी हमखास रोडावते. मीही पूर्वी त्याच पंथातली. लोडावर पडून राहायला फी कशाला भरायची, असा सरळ हिशेब. आता साठी हाकेच्या अंतरावर आहे आणि बाकीचे तीन आठवडे मी त्या चौथ्याची वाट बघत काढते. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून हे झालं असं कुणी म्हणेल, पण ते अर्धंच उत्तर आहे. म्हणून हा धागा.

मुळात आपल्याकडे व्यायाम म्हणजे घाम. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभरेक वर्षांपूर्वी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, स्वतः घातले, संस्थानातल्या शाळांत सुरू केले, त्यावर लिहिलं, आणि ते लोण महाराष्ट्रभर पोचलं. त्यात वाईट काही नाही. आज माझी पाठ ताठ आहे त्यात शाळेतल्या नमस्कारांचा वाटा आहेच. पण त्याबरोबर मोजायची सवय लागली. रथसप्तमी आली की "एकशे आठ झाले का?" हा एकच प्रश्न. पायाचे अंगठे धरता येतात का, शीर्षासन किती मिनिटं, चक्रासन जमतं का. शवासनाला मात्र कुणी मोजत नाही, त्यामुळे ते सुरू झालं की अर्धा वर्ग चटया गुंडाळायला लागतो.

आणि गंमत बघा, आधार घेऊन आसनात राहायची ही सगळी पद्धत घडली ती इथेच, पुण्यात. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले तेव्हा अठरा वर्षांचे होते. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय, सगळ्यांतून गेलेला मुलगा. पुढे त्यांची ख्याती झाली ती अवघड आसनं लीलया करण्याबद्दल. पण मला त्यांच्याबद्दलची दुसरीच गोष्ट आवडते. १९५२ साली मुंबईत येहुदी मेन्युहिन या व्हायोलिनवादकाने त्यांना जेमतेम पाच मिनिटांची भेट दिली होती. कार्यक्रम करून थकलेला माणूस. अय्यंगारांनी त्याला कुठली कसरत करून दाखवण्याआधी शवासनात निजवलं. मेन्युहिन तिथेच गाढ झोपला आणि तासाभराने ताजातवाना होऊन उठला. पुढचे युरोपचे दौरे, तिकडचे शिष्य, सगळं त्यानंतरचं.

दुसरी गोष्ट १९७९ ची. ऐन साठीत त्यांना स्कूटरचे अपघात झाले, खांदा, पाठ, गुडघे दुखावले. जी आसनं आयुष्यभर केली ती पुन्हा पहिल्यापासून बांधावी लागली, आणि त्यासाठी स्वतःच तयार केलेल्या साधनांचा आधार घ्यावा लागला. मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या संस्थेत (१९७५ पासूनची) भिंतीला दोऱ्या, पाठ काढलेल्या लोखंडी खुर्च्या, लाकडी बाक, ठोकळे, लोड हे जे सगळं दिसतं, त्याकडे मी पूर्वी "ज्यांना जमत नाही त्यांची सोय" म्हणून बघायचे. पण नव्वदी ओलांडलेले गुरुजी स्वतः बाकावर नि खुर्चीवर पाठ टाकून बराच वेळ राहत. त्यांना काय जमत नव्हतं?

आता प्रत्यक्षाकडे येते. सुप्त बद्धकोनासन घ्या. लोड जमिनीवर पाठीच्या रेषेत ठेवायचा, म्हणजे त्याचं टोक माकडहाडाला टेकेल असा. बसायचं जमिनीवर, लोडावर नाही. तळवे जुळवून गुडघे बाजूला. पट्टा कमरेच्या मागून, म्हणजे त्रिकास्थीवरून (माकडहाडाच्या वरचं सपाट हाड), पुढे मांड्यांच्या आतून पावलांखाली घालून आवळायचा. मांड्यांखाली दोन ठोकळे किंवा उशा. मग पाठ लोडावर टाकायची आणि डोक्याखाली चादरीची घडी अशी द्यायची की कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहील. हे शेवटचं फार महत्त्वाचं. कपाळ मागे झुकलं की घसा ताणला जातो, डोळे वर जातात, आणि डोकं काही केल्या थंड होत नाही. कंबर चिमटली तर लोडाऐवजी चादरींची कमी उंचीची घडी घ्यायची.

ही मांडामांड करायला पाच-सात मिनिटं जातात, आणि खरी विद्या त्या मांडामांडीत आहे. कुठेही लोंबकळत असलेला अवयव राहिला, गुडघा अधांतरी, मान तिरकी, तर तिथला स्नायू सगळा वेळ पहारा देत बसतो. पोटऱ्यांपासून जबड्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला खाली काहीतरी टेकलेलं असेल तेव्हाच श्वास आपण होऊन लांबतो. तरुणपणी शरीर रेटून नेता येतं म्हणून हे कळत नाही. रेटायची ताकद कमी झाली की मग लक्षात येतं, आपण इतकी वर्षं मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या पण भुवया कधी सोडल्याच नाहीत.

पाळी जायच्या काळात माझी झोप पार विस्कटली होती. रात्री तीनला टक्क जाग. संध्याकाळी हे आसन आणि खुर्चीवर पोटऱ्या ठेवून शवासन असं सुरू केल्यावर फरक पडला. औषधाची जागा घेतली वगैरे दावा नाही. पण तीनला जाग आली तरी पूर्वीसारखी छातीत धडधड होत नाही, आणि पुन्हा झोप लागते.

तुमच्यापैकी कोण कोण असं सावकाश, आधाराचं काही करतं? कुणाला पटत नसेल तर तेही लिहा.

---

तिरकस

थोडक्यात, वामकुक्षीला पट्टा बांधला की तिची आसनात गणना होते. आमचे आजोबा कोकणात झोपाळ्यावर रोज दुपारी हेच करायचे, तेही फुकट. ;)

---

अबोली_पुणे

@तिरकस, आजोबांचा झोपाळा मला पण चालेल. फक्त वामकुक्षी भरल्या पोटी, हे रिकाम्या पोटी, जेवणानंतर निदान तीन तास सोडून. आणि झोप लागली तर लागू द्यावी, पण ती उद्दिष्ट नाही. जागं राहून काहीही न करणं जमतंय का ते बघा. दहा मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत. मग झोपाळ्याबद्दल बोलू.

---

गुळपोळी

ताई, अगदी मनातलं लिहिलंत. मी पंचेचाळीस, पाळीचा गोंधळ सुरू झालाय, रात्री घामाघूम. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सकाळी वर्ग असतो, तिथले सर पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून पुढे वाकायचं) पाठीवर हात ठेवून दाबतात. "अजून थोडं, अजून थोडं." गेल्या हिवाळ्यात मांडीच्या मागे कटकन आवाज आला आणि दीड महिना खुर्चीवर नीट बसता येईना. तेव्हापासून जात नाही. पण घरी सुरुवात कुठून करू? वज्रासनात बसताच येत नाही, गुडघ्यात कळ येते.

---

अबोली_पुणे

@गुळपोळी, पाठीवर दाबणाऱ्या माणसापासून लांब राहिलीस ते उत्तम. वज्रासनाच्या मागे लागू नकोस. खुर्चीने सुरुवात कर:

मांडी घालून जमिनीवर बस, बुडाखाली चादरीच्या दोन-तीन घड्या, म्हणजे ओटीपोट मागे कोसळणार नाही. समोर खुर्ची, तिच्या बसायच्या जागेवर घडी केलेली चादर. हात दुमडून त्यावर आणि हातांवर कपाळ. नाक दबू नये, कपाळ टेकावं. पाठ गोल करून खाली जायचं नाही, खुर्ची जवळ ओढायची. मांडी घालून गुडघा दुखला तर पाय सरळ पसरून, खुर्चीच्या पायांमधून. दोन-तीन मिनिटांनी मांडी बदलायची.

मग पाठीवर झोपून त्याच खुर्चीवर पोटऱ्या. मांड्या उभ्या, पोटऱ्या आडव्या. डोळ्यांवर सुती रुमाल. अंग गार पडतं, म्हणून शाल आधीच घेऊन ठेव, मधे उठायला लागलं की सगळं मुसळ केरात.

---

सांधेदुरुस्ती

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लेख आवडला, पण थोडी नकारघंटा वाजवते, कारण असे धागे वाचून पुढच्या आठवड्यात काही काकू-मावश्या व्यायाम सोडून लोडावर आडव्या झालेल्या असतात.

वय वाढतं तसं स्नायू घटतात, आणि पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने विरळ होतात. दोन्हींवर उपाय भार घेण्याचा आहे. पडून राहून हाड मजबूत होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी प्रौढांसाठी अशा आहेत: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल (भरभर चालणं धरा), निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, आणि पासष्टीपुढे तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. यातला एकही रकाना सुप्त बद्धकोनासनाने भरत नाही. ते करू नका असं मी म्हणत नाही. ते याच्या जोडीला करा.

दुसरं, "सौम्य आहे म्हणजे सगळ्यांना चालतं" हा समज. तसं नाही.

काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं टाळा. डोळ्यातला दाब वाढतो. शीर्षासनात तर वाढतोच, पण अधोमुख श्वानासनात आणि भिंतीला पाय लावून केलेल्या विपरीत करणीतही वाढतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत थांबा. रक्तदाब आटोक्यात नसेल तरी तेच.

हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्यांनी पाठ गोल करून पुढे वाकणं सोडा, मणका दबून चीर जाऊ शकते. अबोलीताईंनी खुर्ची जवळ ओढायला सांगितली ते त्या दृष्टीने बरोबर आहे.

अॅसिडिटीने छातीत जळजळणाऱ्यांनी सपाट झोपू नये. छाती-डोकं उंच करा किंवा डाव्या कुशीवर शवासन करा.

आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उठताना घाई नको. कूस, मग हाताचा रेटा देऊन बसणं, एक मिनिट तिथेच, मग उभं. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटपैकी बरेचजण आसन करताना पडत नाहीत, आसनानंतर उठताना पडतात.

---

उंबरठा

मी बहात्तर वर्षांचा निवृत्त प्राध्यापक. रोज शीर्षासन करतो. या धाग्यातला सूर मला जरा पराभूत वाटला. वय झालं की लोड घ्या, चादर घ्या, कूस बदला! बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांना अय्यंगारांनी शीर्षासन शिकवलं तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. आता काय म्हणाल? माणूस स्वतःला म्हातारा मानायला लागला की म्हातारा होतो.

---

सांधेदुरुस्ती

@उंबरठा काका, राणीसाहेबांना समोर उभं राहून शिकवायला स्वतः अय्यंगार होते. तुमचं शीर्षासन चालू राहो, पण एक विचारते, राग मानू नका. डोळ्यांचा दाब शेवटचा कधी तपासलात? काचबिंदू दुखत नाही, दिसणं बरंच कमी होईपर्यंत कळतही नाही.

---

उंबरठा

तपासलेला नाही. या महिन्यात तपासतो. शीर्षासनाबद्दलचं मत कायम.

---

ओसरी

काका, सूर पराभूत नाही हो. आपल्या जुन्या ग्रंथांत शवासनाला कमी लेखलेलं नाहीच. हठप्रदीपिकेच्या पहिल्या उपदेशात, म्हणजे प्रकरणात, मोजकी आसनं आहेत आणि त्यांत शवासनाला स्वतंत्र श्लोक आहे:

उत्तानं शववद्भूमौ शयनं तच्छवासनम् ।
शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम् ॥

थकवा घालवणारं आणि चित्ताला विसावा देणारं. पतंजलींनीही "स्थिरसुखमासनम्" म्हणून झाल्यावर लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्न सैल करायला सांगितलं आहे. पण "प्रयत्नशैथिल्य" शिकवायची सोय आपल्या शाळेच्या योगस्पर्धांत कुठे? तिथे गुण लवचिकतेला.

अय्यंगारांच्या १९६६ च्या प्रसिद्ध पुस्तकातही (Light on Yoga) आसनांत शवासन सर्वांत शेवटी येतं, आणि तिथे त्यांनी स्पष्ट लिहिलंय की हे दिसायला सोपं पण साधायला अतिशय अवघड आहे, कारण शरीरापेक्षा मन स्थिर ठेवणं कठीण.

अवांतर: लोणावळ्याला कैवल्यधाम १९२४ साली सुरू करणारे स्वामी कुवलयानंद योगाच्या परिणामांची प्रयोगशाळेत मोजमापं घेत होते. तेव्हा "मोजायची सवय" सरसकट वाईट नाही, काय मोजायचं ते ठरवावं. :)

---

लांबचा_प्रवासी

न्यू जर्सीहून लिहितेय. इथे याला "रिस्टोरेटिव्ह" म्हणतात आणि हा वेगळाच वर्ग असतो, महिन्याचा शेवटचा आठवडा वगैरे नाही. सव्वा तासात फक्त चार-पाच आसनं. मंद दिवे, प्रत्येकीला तीन-तीन लोड, डोळ्यांवर ठेवायला लव्हेंडर भरलेल्या छोट्या उशा. या प्रकाराचा अमेरिकेत प्रसार केला जूडिथ लॅसेटर यांनी. त्या अय्यंगारांच्या विद्यार्थिनी आणि स्वतः फिजिओथेरपिस्ट. म्हणजे पुण्याचा लोड कॅलिफोर्नियामार्गे माझ्यापर्यंत आला.

मी पहिल्यांदा गेले ते मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून. कोथरूडच्या मुलीला लोडावर पडायला डॉलर मोजायला लागावेत याचा मनस्वी राग आला होता. आजूबाजूच्या सगळ्या बायका सत्तरीच्या, एकीचं कंबरेचं ऑपरेशन झालेलं, एक केमोथेरपी संपवून आलेली. मला मात्र आठव्या मिनिटाला उठून पळावंसं वाटायला लागलं. डोक्यात भारतातले फोन, मुलाची फी, ऑफिस. त्या शांत पडलेल्या, आणि मी वर्गातली सगळ्यांत धडधाकट बाई चुळबुळतेय.

शिक्षिकेने काही प्रवचन दिलं नाही. येऊन पोटावर एक जड, घडी केलेलं ब्लँकेट ठेवून गेली. तेवढ्याने बरंच थांबलं. हे कुणाला माहीत नसेल म्हणून सांगते: चुळबुळ होत असेल तर मांड्यांवर किंवा ओटीपोटावर थोडं वजन ठेवून बघा. घरी मी पाच किलोची तांदळाची पिशवी मांड्यांवर ठेवते. नवरा म्हणतो, भात कधी लावतेस?

---

तिरकस

तांदळाची पिशवी! आता हे योगशास्त्र माझ्या आवाक्यात आलं.

बरं, प्रामाणिक प्रश्न. काल दहा मिनिटं केलं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. डोकं शांत व्हायच्या ऐवजी जास्तच बडबड करायला लागलं. हे नॉर्मल आहे का?

---

अबोली_पुणे

@तिरकस, नॉर्मल. बडबड आधीही चालूच असते, दिवसभर आवाजात ऐकू येत नाही इतकंच. दहा मिनिटांनी सुरुवात करू नका, तीनच करा. आणि विचार थांबवायच्या मागे लागू नका. उच्छ्वास कुठे संपतो तेवढंच बघा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित उतरते, घेताना चढते, हे आपलं आपण चालूच असतं. उच्छ्वास लांबला की त्या उतरणीला जास्त वेळ मिळतो. तो मुद्दाम लांबवायचाही नाही, छातीवरचं ओझं काढून घेतलं की तो लांबतो. म्हणूनच तर एवढी लोड-चादरींची खटपट.

@सांधेदुरुस्ती, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवावा असा आहे. माझे उरलेले तीन आठवडे उभ्या आसनांचे वगैरे असतातच, शिवाय पर्वतीच्या पायऱ्या. पण एका गोष्टीवर मतभेद नोंदवते. तुम्ही याला जोडीचा दर्जा दिलात. माझ्या अनुभवात क्रम उलटा लागला. नीट विसावता यायला लागल्यावरच मला कळलं की त्रिकोणासनात मी विनाकारण दात आवळते, वीरभद्रासनात श्वास कोंडते. ताकदीचा व्यायाम त्यानंतर जास्त चांगला व्हायला लागला.

---

सांधेदुरुस्ती

मान्य, क्रमाबद्दल भांडत नाही. फक्त पायऱ्या सोडू नका.

---

गुळपोळी

ताई, केलं! खुर्चीवर कपाळ टेकून बसले आणि का कोण जाणे, रडूच आलं. काही झालेलं नव्हतं. लेकीने दार उघडून बघितलं आणि हळूच लोटून घेतलं. नंतर विचारते, "आई, सर परत दाबायला आले होते का?"

पोटऱ्या खुर्चीवर ठेवून मात्र मस्त वाटलं. वज्रासन विसरले आहे. पाळीच्या दिवसांत चालेल का हे?

---

अबोली_पुणे

@गुळपोळी, रडू येतं कधीकधी, वर्गातही बघितलंय. त्याचा फार अर्थ लावत बसू नकोस. पाळीत हे दोन्ही चालतं, सुप्त बद्धकोनासन तर जरूर कर. अय्यंगारांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी बायकांच्या योगाभ्यासावर आयुष्यभर काम केलं, त्यात पाळीच्या दिवसांसाठी वेगळा अभ्यास सांगितला आहे: आधाराने पुढे वाकणारी आणि पाठीवर झोपून करायची आसनं घ्यायची, डोक्यावर उलटी होणारी सोडायची. विपरीत करणी त्या दिवसांत राहू दे.

---

ओसरी

माझ्या आईसाठी विचारायचं होतं. वय ब्याऐंशी, डाव्या गुडघ्याचं प्रत्यारोपण झालंय. जमिनीवर बसली तर उठवायला दोन माणसं लागतात. पण दुपारभर खुर्चीत बसून पाय सुजतात, मान आखडते. तिच्यासाठी यातलं काही?

---

सांधेदुरुस्ती

जमीन विसरा. दिवाण किंवा कडक गादीचा पलंग घ्या, स्प्रिंगची मऊ गादी नको, त्यात आधार बुडून जातो. पाठीवर झोपवून पोटऱ्यांखाली एक लोड, घोटे गुडघ्यांपेक्षा थोडे वर. प्रत्यारोपणाच्या गुडघ्याखाली एकटी उशी देऊन तो वाकवून ठेवू नका, पूर्ण पोटरीला आधार हवा. डोक्याखाली पातळ उशी. हात अंगापासून थोडे दूर, कोपराखाली रुमालाच्या घड्या. दिवसातून दोनदा, दहा मिनिटं. पाऊल वर-खाली हलवणं आधी वीसेक वेळा.

सूज एकाच पायाला जास्त असेल, दुखत किंवा गरम लागत असेल तर हे करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागत असेल तरीही.

---

ओसरी

दोन्ही पायांना सारखी आहे, डॉक्टरांनी बघितलंय, बसून बसून येते म्हणाले. आभार. आज दिवाणावरच करून बघितलं. आई म्हणाली, "हे तर मी रोज करते." पण उठायचं नाव घेईना.

---

उंबरठा

डोळे तपासले. दाब सीमारेषेवर आहे, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय आणि तोवर शीर्षासन बंद. फिजिओबाईंचे आभार. त्यांनी रोखठोक विचारलं नसतं तर मी गेलो नसतो.

आता मोकळी झालेली सकाळची वेळ या लोडप्रकरणाला देणार आहे. पण बाजारात जे "योगा बोल्स्टर" म्हणून मिळतात ते फोमचे आहेत, वर बसलो तर पार सपाट. हे चालतात का?

---

अबोली_पुणे

@उंबरठा काका, फोम नको, दबतो आणि पाठ मधेच खचते. गादीवाल्याकडून कापसाचा शिवून घ्या. साधारण दोन फूट लांब, नऊ इंच रुंद, आणि कापूस घट्ट ठासून भरायला सांगा, हाताने दाबल्यावर फारसा दबता कामा नये. गादीवाले नेहमीच्या तक्क्यासारखा मऊ भरून देतात, तेव्हा समोर उभं राहून भरून घ्यावा. वरची खोळ जाड सुती आणि काढून धुता येईल अशी. चारसहा महिन्यांनी बसला की गच्चीवर ऊन दाखवायचं.

तोवर घरातल्या दोन सतरंज्या एकत्र घट्ट गुंडाळून वर चादर बांधलीत तरी काम होतं. आणि काका, विपरीत करणीही डोळ्यांचा निकाल लागेपर्यंत नको. सुप्त बद्धकोनासन आणि खुर्चीवर पोटऱ्या, एवढंच.

---

उंबरठा

नारायण पेठेतल्या एका गादीवाल्याला माप देऊन आलो. "एवढा कडक लोड कशाला? झोप लागायची नाही," म्हणाला. गुरुवारी देतोय.

---

तिरकस

काका, त्याला सांगा, झोप लागू नये म्हणूनच तर एवढं चाललंय. माझंही एक माप देऊन ठेवा. पैसे जीपेने पाठवतो.